फोनवर सुरळीत, टीव्हीवर अडकतं : घरच्या मीडिया सर्व्हरचं दुखणं नेमकं कुठे शोधायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर इथेच कळेल. घरात चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा जुना विंडोज लॅपटॉप आहे, त्यावर जेलीफिन (डिस्कवरचे व्हिडिओ घरातल्या टीव्ही-फोनला पुरवणारा सर्व्हर प्रोग्राम) टाकलंय, बाहेरून २ टीबीची डिस्क लावलीय. हॉलमधल्या टीव्हीला फायर टीव्ही स्टिक आहे, साधी, ४के नसलेली. डिस्कवर तीन प्रकारचा माल आहे: बाबांच्या हँडीकॅमच्या मिनी डीव्ही कॅसेट्स दुकानातून डिजिटल करून आणलेल्या, घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले व्हिडिओ आणि विकत घेतलेल्या नाटकांच्या डीव्हीडी. तक्रारीही तीन. फोनचे काही व्हिडिओ छान चालतात, काही दर दहा सेकंदांनी थांबून गोल फिरत बसतात, आणि तेच व्हिडिओ मुलीच्या फोनवर त्याच वायफायवर विनातक्रार चालतात. कॅसेटचे व्हिडिओ थांबत नाहीत, पण माणूस हलला की कडांना आडव्या रेघा येतात. आणि लाइट जाऊन आली की कधी कधी टीव्हीला सर्व्हरच सापडत नाही. यावर उपाय म्हणून तुम्ही इंटरनेटचा प्लॅन १०० वरून ३०० एमबीपीएस केलात, फरक पडला नाही, आणि आता विचारताय की नवा राउटर घेऊ की नवा पीसी.

माझं उत्तर: आज काहीच विकत घेऊ नका. या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि त्यातलं एकही प्लॅनशी संबंधित नाही. मी साताऱ्यात गेली चौदा वर्षं घरांची आणि लहान ऑफिसांची नेटवर्कं बसवतो. असे सर्व्हर लावलेली घरंही बरीच पाहिली, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी प्लॅन आधीच वाढवलेला असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं होतं ते. व्हिडिओ तुमच्या डिस्कवरून निघतो, लॅपटॉपमधून राउटरकडे जातो आणि राउटरकडून स्टिककडे. घराचा उंबरठा तो ओलांडतच नाही. (हे तपासायला राउटरच्या डब्यातली पिवळी फायबर वायर मात्र उपसू नका. तिच्या टोकावर धूळ बसली की नंतर खरंच इंटरनेट बिघडतं.)

आता अडकणाऱ्या व्हिडिओंकडे येऊ, कारण मुख्य दुखणं तेच आहे.

सर्व्हर टीव्हीला व्हिडिओ तीन तऱ्हांनी देतो. पहिली, फाइल आहे तशी पाठवायची. यात लॅपटॉपला काहीच कष्ट नाहीत, तो फक्त हमाल असतो. दुसरी, आतलं चित्र-आवाज तेच ठेवून वरचं वेष्टन बदलायचं. हेही किरकोळ काम. तिसरी म्हणजे ट्रान्सकोडिंग: चित्र उलगडायचं, टीव्हीला झेपेल अशा स्वरूपात पुन्हा बांधायचं आणि हे सगळं व्हिडिओ चालू असताना, त्याच वेगाने. भाषण चालू असताना शेजारी उभा राहून वाक्यागणिक भाषांतर करणाऱ्या दुभाष्यासारखं हे काम आहे. वक्ता भराभर बोलायला लागला की दुभाष्या मागे पडतो आणि ऐकणारे ताटकळतात. तुमच्या टीव्हीवर जे गोल फिरतं, ते बहुधा हे ताटकळणं आहे.

बहुधा म्हणालो, कारण मी तुमचा लॅपटॉप समोर पाहिलेला नाही. पण तुम्ही दिलेली एक खूण फार मोलाची आहे: तोच व्हिडिओ त्याच वायफायवर फोनवर चालतो. यावरून बरेच जण टीव्हीचं वायफाय खराब आहे असा निष्कर्ष काढतात. माझा निष्कर्ष वेगळा आहे. फोनला ती फाइल जशीच्या तशी वाचता येते, म्हणून सर्व्हरने ती नुसती सरकवली. स्टिकला ती वाचता येत नाही, म्हणून सर्व्हरला मध्ये पडावं लागलं.

स्टिकला का वाचता येत नाही? हल्लीचे बरेच फोन व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने साठवतात, म्हणजे कमी जागेत जास्त चित्र. साध्या फायर टीव्ही स्टिकला एचईव्हीसी समजतं, पण १०८०पीपर्यंतच, म्हणजे फुल एचडीपर्यंत. कुणी फोन ४केवर ठेवून वाढदिवस शूट केला असेल तर ती फाइल स्टिकच्या आवाक्याबाहेर जाते. मग लॅपटॉपला ४के एचईव्हीसी उलगडून १०८०पी करून द्यावं लागतं. आणि चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी उलगडणारा वेगळा हार्डवेअर भाग नाहीच. तो सहाव्या पिढीत आला, आणि जास्त रंगछटांचं १० बिटचं एचईव्हीसी, जे आयफोनचे एचडीआर (जास्त उजळ, गडद रंगांचे) व्हिडिओ वापरतात, ते सातव्या पिढीपासून. तुमच्या लॅपटॉपला हे सगळं मुख्य प्रोसेसरच्या जोरावर ओढावं लागतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे माझ्या शब्दावर मान्य करू नका, डोळ्यांनी बघा. अडकणारी एक क्लिप टीव्हीवर लावा आणि ती चालू असतानाच लॅपटॉपवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. टीव्हीच्या नावाची चौकट दिसेल, तिच्यात गोलातलं आय अक्षर आहे, त्यावर टिचकी मारा. फाइल थेट जातेय की ट्रान्सकोड होतेय आणि ट्रान्सकोड का होतेय, हे तिथे इंग्रजीत एका ओळीत लिहिलेलं असतं. रिझोल्यूशन चालत नाही, कोडेक (व्हिडिओ बांधायची पद्धत) चालत नाही, सबटायटल चालत नाही, बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) मर्यादेपेक्षा जास्त आहे, असलं काहीतरी. माझ्या मते या सगळ्या तपासणीतली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच, आणि ती न वाचताच लोक राउटर विकत घेतात.

ट्रान्सकोड होतेय असं दिसलं तर आणखी एक आकडा बघायचा. डॅशबोर्डमध्ये लॉग्जची, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदींची, यादी असते. तिच्यात एफएफएमपेग-ट्रान्सकोड अशा नावाने सुरू होणारी, आत्ताच्या वेळेची फाइल उघडा आणि शेवटच्या ओळींमध्ये स्पीड हा शब्द शोधा. त्याच्यापुढे १च्या वर आकडा असेल तर लॅपटॉप वेळेच्या पुढे आहे, दोष दुसरीकडे शोधू. ०.७ असेल तर एका मिनिटाचा व्हिडिओ तयार करायला त्याला साधारण ८६ सेकंद लागताहेत. मग तो थांबणारच, राउटर कितीही भारी लावा.

इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू करायचा (म्हणजे हे काम प्रोसेसरमधल्या खास भागाकडे सोपवायचा) पर्याय असतो आणि त्याखाली कोडेकच्या चौकटींची यादी. हौसेने सगळ्या चौकटींवर खूण केली जाते. तुमच्या लॅपटॉपवर एच.२६४ आणि एमपेग-२ या एचईव्हीसीच्या आधीच्या पद्धतींच्या खुणा योग्य आहेत. एचईव्हीसीवर खूण केलीत तर सर्व्हर प्रोसेसरकडे नसलेली गोष्ट मागतो, आणि व्हिडिओ अडकत का होईना पण चालायचा, तो सुरूच होत नाही. तसं झालं असेल तर ती खूण काढा.

मग उपाय काय? माझ्या पसंतीचा उपाय फुकट आहे: हे भाषांतर रोज संध्याकाळी टीव्हीसमोर करण्याऐवजी एकदाच, रात्री, निवांत करून ठेवायचं. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात अडकणाऱ्या क्लिप्सची रांग लावा, १०८०पीचा तयार प्रीसेट निवडा, व्हिडिओ एच.२६४ आणि फाइल एमपी४ ठेवा आणि झोपायला जा. लॅपटॉपला एका मिनिटाला दोन मिनिटं लागली तरी रात्री कुणाचं अडत नाही. अशी तयार झालेली फाइल स्टिक जशीच्या तशी वाचते, फोन वाचतो, ब्राउझर वाचतो. या फाइलींसाठी ‘टीव्हीसाठी’ असं वेगळं फोल्डर करा आणि अडकणाऱ्या मूळ फाइलींऐवजी जेलीफिनला ते दाखवा. मूळ व्हिडिओ दुसऱ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, कधीही पुसू नका. एचडीआरच्या क्लिप असतील तर सगळी रांग लावण्याआधी एका मिनिटाचा तुकडा करून रंग बघा, कारण ते कधी कधी फिके पडतात. आयफोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करता येतो. फक्त घरच्या टीव्हीवर पाहायचं असेल तर मी तो बंदच ठेवायला सांगतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला मान स्टिकचा, पीसीचा नाही. ४के चालवणारी स्टिक घेतली तर फोनच्या ४के एचईव्हीसी फाइली ती स्वतः उलगडेल, तुमचा टीव्ही फुल एचडी असला तरी. लॅपटॉप पुन्हा हमाल होईल आणि त्या कामाला तो आणखी पाच वर्षं पुरेल. नवा सर्व्हर तेव्हाच, जेव्हा घरात तीन-चार जण एकाच वेळी वेगवेगळ्या उपकरणांवर बघणार असतील. त्या वेळी इंटेल एन१०० सारख्या प्रोसेसरचा छोटा डबा पुरेसा होतो आणि वीजही फार खात नाही.

डीव्हीडींबद्दल थोडंसंच. सबटायटल्स लावली की अडकतं असं कधी झालं तर त्याचं कारण वेगळं असतं. डीव्हीडीवरची सबटायटल्स अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. ती बऱ्याचदा मूळ चित्रावर रंगवूनच पाठवावी लागतात, म्हणजे पुन्हा ट्रान्सकोड. डीव्हीडीचं चित्र लहान असल्यामुळे तुमच्या लॅपटॉपला ते झेपेल. ब्ल्यू-रेच्या बाबतीत मात्र मी एका घरात हे तासभर शोधत होतो: सिनेमे आजोबांनी लावले की चालायचे, नातवाने लावले की अडायचे. नातू सबटायटल्स लावायचा, एवढाच फरक. एसआरटी प्रकारची साधी मजकुराची फाइल शेजारी ठेवली आणि प्रश्न मिटला.

आता समजा डॅशबोर्ड म्हणाला की फाइल थेट जातेय, ट्रान्सकोड नाही, आणि तरीही अडकतंय. मग लॅपटॉप सुटला, आणि वायफायची चौकशी सुरू. त्याआधी गरज किती आहे ते मोजा. फाइलचा आकार एमबीमध्ये घ्या, ८ ने गुणा आणि व्हिडिओच्या सेकंदांनी भागा. आयफोनचा ४के, ६० फ्रेम्सचा व्हिडिओ मिनिटाला साधारण ४०० एमबी होतो, म्हणजे सेकंदाला ५३ मेगाबिट. त्याच फोनचा १०८०पी, ३० फ्रेम्सचा मिनिटाला ६० एमबी, म्हणजे ८ मेगाबिट. भिंतीआड वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर बसलेल्या स्टिकला ८ सहज मिळतात, ५३ मिळण्याची खात्री मी देणार नाही. काही व्हिडिओ चालतात आणि काही नाही, याचं उत्तर कधी कधी नुसत्या या भागाकारात सापडतं.

वायफायमध्ये सगळ्यात मोठा फरक पाडणारी गोष्ट स्वस्तातली आहे: लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा. आत्ता लॅपटॉपही वायफायवर आणि स्टिकही वायफायवर असेल, तर प्रत्येक सेकंदाचा व्हिडिओ हवेतून दोनदा जातो, एकदा लॅपटॉपकडून राउटरकडे, एकदा राउटरकडून स्टिककडे. दोन्ही एकाच बँडवर असतील तर हवा तेवढीच आणि काम दुप्पट. केबल लावली की एक खेप वाचली. राउटरशेजारीच लॅपटॉप ठेवता आला तर दोन मीटरच्या केबलमध्ये काम होतं.

दुसरी गोष्ट, स्टिक टीव्हीच्या पाठीत कुठे खुपसली आहे ते पाहा. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागे तिला एका बाजूला पत्रा आणि एका बाजूला भिंत असते. खोक्यात एक बोटभर लांबीची एचडीएमआय एक्स्टेन्शन केबल आलेली असते, ती बहुतेक घरांत ड्रॉवरमध्ये पडून असते. ती लावा आणि स्टिक टीव्हीच्या कडेपर्यंत बाहेर येऊ द्या. आमच्याकडे दीड-दीड फुटी दगडी भिंतींचे वाडे आहेत. अशा एका घरात राउटर दारातल्या खोलीत, टीव्ही माजघरात, आणि मधली भिंत बघूनच मी मनातल्या मनात केबलचे मीटर मोजायला लागलो होतो. आधी ती एक्स्टेन्शन लावून स्टिक कडेला आणली, राउटर कपाटातून काढून कपाटावर ठेवला, आणि १०८०पीचे व्हिडिओ न थांबता चालले. केबल ओढावी लागली नाही. तरी तुमच्या भिंती कशा आहेत यावर हे अवलंबून आहे. ५ गिगाहर्ट्झ एकाच खोलीत किंवा एका पातळ भिंतीपलीकडे उत्तम, जाड भिंतीपलीकडे २.४ बरं पडतं. दोन्ही करून बघा आणि जे टिकेल ते ठेवा.

रेघांचा विषय माझ्या जास्त जिव्हाळ्याचा, कारण तो चुकला तर कॅसेटवरचं चित्र कायमचं खराब होऊन बसतं. मिनी डीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत घेतलेलं: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या ओळी. जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही अशाच ओळी आळीपाळीने रंगवायचे, त्यामुळे काही कळायचं नाही. आताचा पडदा दोन्ही अर्धे एकदम दाखवतो. मधल्या क्षणात हात हलला असेल, तर हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. सर्व्हरचा किंवा टीव्हीचा यात दोष नाही.

दुकानाने तुम्हाला काय दिलंय ते आधी पाहा. फाइलवर उजवी टिचकी मारून तपशिलात चित्राची उंची आणि फाइलचा आकार बघा. तासाला १३ जीबीच्या आसपास असेल तर ते कॅसेटवरचं मूळ डिजिटल चित्र आहे, सोन्यासारखं, जसंच्या तसं. एक-दोन जीबीची एमपी४ असेल पण उंची ५७६ असेल, तरीही काम होतं. दोन्ही बाबतींत हँडब्रेकमध्ये फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस (या रेघा काढणारा फिल्टर) चालू करा, बीडब्ल्यूडीआयएफ किंवा याडिफ निवडा आणि प्रीसेटला बॉब ठेवा. बॉबमुळे सेकंदाला ५० चित्रं होतात आणि कॅसेटवरची मूळ सफाई टिकते. नाहीतर लग्नातल्या वराती झटके खात चालल्यासारख्या दिसतात.

उंची ७२० किंवा १०८० असेल तर मात्र अडचण आहे. म्हणजे दुकानाने रेघांसकट चित्र ताणून मोठं केलं. ताणताना शेजारशेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग कुठल्याही फिल्टरला त्या वेगळ्या करता येत नाहीत. तसं असेल तर दुकानात जाऊन मूळ एव्हीआय फाइल मागा. त्यांनी ती ठेवली नसेल तर कॅसेट पुन्हा चालवून घ्या, फायरवायर केबलने, न ताणता. म्हणून कॅसेट्स फेकू नका. आणि त्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवा. सर्व्हरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे असं नाही. ती २ टीबीची डिस्क एका झटक्यात बंद पडू शकते, आणि बाबांचा आवाज असलेली ती कॅसेट दुसरी मिळणार नाही.

राहिला तिसरा प्रश्न, लाइट गेल्यावर सर्व्हर न सापडण्याचा. साधं कारण असं की राउटर पुन्हा सुरू झाल्यावर लॅपटॉपला कधी कधी नेटवर्कवरचा नवा पत्ता (आयपी) देतो आणि टीव्हीवरचं अ‍ॅप जुन्याच पत्त्यावर दार वाजवत राहतं. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा बांधून टाका.

पण ‘कधी कधी’ असं तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दुसरा संशय येतोय. तुमच्याकडे इंटरनेटवाल्यांनी दिलेला वायफायचा डबा आणि त्याच्या पुढे तुमचा स्वतःचा राउटर, असे दोन आहेत का? असतील तर लाइट आल्यावर जो आधी जागा होतो त्याला लॅपटॉप चिकटतो, आणि टीव्ही दुसऱ्याला. घर एक, पण नेटवर्क दोन. लॅपटॉप आणि स्टिक दोघांचे पत्ते बघा. एकाचा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, तर हेच घडतंय. पुढच्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पसरवेल, किंवा कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. पत्ते जुळूनही सर्व्हर दिसत नसेल, तर फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता, अपूर्णविराम आणि ८०९६ टाकून बघा. फोनलाही तो उघडत नसेल तर विंडोजने त्या वायफायला पब्लिक मानून दार लावून घेतलंय. त्याला प्रायव्हेट करा आणि फायरवॉलमध्ये जेलीफिनला परवानगी दिलेली आहे ना तेही बघा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण जुना लॅपटॉप चोवीस तास चार्जरवर आहे म्हणून सांगतो. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय का, झाकण नीट बसतंय का, हे बोट फिरवून पाहा. फुगलेली बॅटरी आधी टचपॅडखाली जाणवते. तशी वाटली तर लॅपटॉप लगेच बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. बॅटरीविना तो चार्जरवर चालतोय का तेही त्यालाच बघायला सांगा, आणि मग छोट्या यूपीएसवर ठेवा.

आज रात्री एवढंच करा: सगळ्यात जास्त अडकणारी क्लिप टीव्हीवर लावा आणि तिच्या चौकटीतलं कारण, लॉगमधला स्पीडचा आकडा, लॅपटॉप आणि स्टिकचे पत्ते आणि एका कॅसेटच्या फाइलची उंची, या गोष्टी लिहून मला कळवा. हँडब्रेकची रांग त्यानंतर लावू. कॅसेटची फाइल मात्र तोवर तशीच राहू द्या.